आवाज खाली आणणारा गायक

बारमधल्या फोनवरून एक माणूस आपल्या प्रेयसीशी बोलू पाहतो आहे. भोवती गोंगाट, ज्यूकबॉक्स वाजतो आहे, आणि पलीकडे तिच्याजवळ दुसराच कोणी पुरुष बसलेला. भांडण नाही, धमकी नाही, आक्रोश तर नाहीच. तिने फोन जरा जवळ धरावा आणि दोघांपैकी एकाची निवड करावी, एवढीच त्याची विनंती. 'ही'ल हॅव टू गो' या गाण्यात यापलीकडे काही घडत नाही. १९५९च्या अखेरीस ही तबकडी बाजारात आली, तेव्हा कंपनीचा भरवसा या गाण्यावर नव्हताच. ते तबकडीच्या मागल्या बाजूला होते. पुढच्या बाजूचे 'इन अ मॅन्शन स्टँड्स माय लव्ह' आज फारसे कोणाला आठवत नाही. रेडिओच्या निवेदकांनी तबकडी उलटून लावायला सुरुवात केली आणि १९६०मध्ये हे गाणे अमेरिकेच्या कंट्री संगीताच्या यादीत सलग चौदा आठवडे अग्रस्थानी राहिले. पॉप गाण्यांच्या यादीतही ते दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचले. गायक होता जिम रीव्हज.

या गाण्यातला संयम हा त्याच्या उपजत स्वभावाचा भाग असेल. पण गळ्यात तो यायला मात्र बरीच वर्षे जावी लागली.

२० ऑगस्ट १९२३ रोजी टेक्सास राज्याच्या पूर्व भागातील पानोला परगण्यात, गॅलोवे नावाच्या खेडेवजा वस्तीत त्याचा जन्म झाला. तो तान्हा असतानाच वडील वारले. मोठ्या खटल्याचा भार आईवर पडला आणि तिने शेती करून मुले वाढवली. पोरवयात गिटार हाती आली, तरी मन बेसबॉलमध्ये होते. खेळाच्या शिष्यवृत्तीवर तो ऑस्टिनच्या विद्यापीठात दाखल झाला. मात्र अवघ्या काही आठवड्यांत शिक्षण सोडून ह्यूस्टनच्या गोदीत कामाला लागला. पुढे सेंट लुई कार्डिनल्सने त्याला आपल्या दुय्यम संघांसाठी पिचर म्हणून करारबद्ध केले. तीन वर्षे तो खेळला. मग चेंडू टाकताना पायाच्या शिरेला गंभीर इजा झाली आणि ते स्वप्न संपले. त्याच सुमारास, १९४७मध्ये, मेरी व्हाइट हिच्याशी त्याचे लग्न झाले होते.

पोटापाण्यासाठी त्याने रेडिओवर निवेदकाची नोकरी धरली. त्याच्या गाण्याचा उगम शोधायचा तर तो गिटारपेक्षा या नोकरीत अधिक सापडतो. कंट्री गायकाने नाकातून, गावरान हेल काढून गावे असा त्या काळचा रिवाज होता. रीव्हजच्या गाण्यात मात्र प्रत्येक शब्द निथळून येतो. बातम्या आणि जाहिराती वाचणाऱ्याला श्रोता एकेकटा, घराच्या चार भिंतींत बसलेला असतो हे ठाऊक असते. मात्र हे ज्ञान गाण्यात उतरायला अवकाश होता. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला तो श्रीव्हपोर्टच्या केडब्ल्यूकेएच केंद्रावर आला. तिथला 'लुइझियाना हेराइड' हा कार्यक्रम म्हणजे नव्या गायकांची उमेदवारीची जागा. तिथे असतानाच १९५३मध्ये 'मेक्सिकन जो' गाजले, पाठोपाठ 'बिम्बो'. दोन्ही अग्रस्थानी गेली. दोन्ही ठेक्यात वाजणारी, चढ्या आवाजातली, थट्टेखोर गाणी. आज ती ऐकताना हाच तो गायक यावर विश्वास बसणे कठीण जाते.

१९५५मध्ये तो आरसीए व्हिक्टर या बड्या कंपनीत आणि नॅशव्हिलच्या 'ग्रँड ओल ऑप्री'च्या मंचावर दाखल झाला. पण पुढच्याच वर्षी त्याच कंपनीच्या एल्विस प्रिस्लीने देशाला वेड लावले. तरुण श्रोता रॉक अँड रोलकडे वळला आणि फिडल, स्टील गिटार यांवर पोसलेले कंट्री संगीत एकाएकी म्हातारे वाटू लागले. अशा वेळी इतरांनी आवाज वाढवला. रीव्हजने तो खाली आणला.

१९५७च्या प्रारंभी 'फोर वॉल्स' हे गाणे त्याच्या हाती आले. ते मुळात स्त्रीने गावे म्हणून लिहिलेले. निर्माता चेट अ‍ॅटकिन्सच्या पाठिंब्याने रीव्हजने ते घेतले आणि ओठ मायक्रोफोनला जवळजवळ टेकवून, गळ्याच्या खालच्या पट्टीत, बोलल्यासारखे गायले. मंचावर अशा आवाजाचा काही उपयोग नव्हता, मागच्या रांगेपर्यंत तो पोहोचलाच नसता. पण ध्वनिमुद्रिका ऐकणाऱ्याला गायक शेजारच्या खुर्चीत येऊन बसल्यासारखा वाटला. गाणे कंट्रीच्या यादीत पहिले आले आणि पॉपच्या यादीत अकरावे.

अ‍ॅटकिन्सने यातून पुढचा धडा घेतला. फिडल आणि स्टील गिटार मागे सरकल्या. त्यांच्या जागी व्हायोलिनचा ताफा, फ्लॉइड क्रेमरचा मोजका पियानो आणि अनिता कर सिंगर्सचे पार्श्वस्वर आले. 'नॅशव्हिल साउंड' म्हणून हा प्रकार ओळखला गेला. जुन्या जाणत्यांना तो भ्रष्टाचार वाटला. त्यांची तक्रार अगदीच बिनबुडाची नव्हती: या गुळगुळीतपणात मातीचा वास उडून गेला आणि पुढच्या अनुकरणकर्त्यांच्या हाती उरला तो निव्वळ पाक. रीव्हजच्याही काही तबकड्या गोडमिट्ट आहेत. पण 'ही'ल हॅव टू गो'मध्ये वाद्ये इतकी थोडी आहेत की आवाजाला लपायला जागाच नाही, आणि गरजही नाही.

या मवाळ उच्चारांचा एक अनपेक्षित लाभ झाला. इंग्रजी ही ज्यांची मातृभाषा नव्हती, त्यांनाही त्याचे शब्द कळत. १९६२मध्ये अ‍ॅटकिन्स आणि क्रेमर यांच्यासह तो दक्षिण आफ्रिकेत गेला तेव्हा गर्दी लोटली. पुढे त्याने आफ्रिकान्स भाषेत गाणी ध्वनिमुद्रित केली आणि 'किम्बर्ली जिम' या चित्रपटात नायकाची भूमिका केली. तो वर्णभेदाच्या राजवटीचा ऐन काळ होता, ही बाब त्याच्या चाहत्यांच्या आठवणींत सहसा येत नाही. १९६३मध्ये आयर्लंड, १९६४च्या वसंतात नॉर्वेसह युरोप असे दौरे झाले. त्याच्या दौऱ्यांत भारत कधी नव्हता. तबकड्या मात्र आल्या. गोव्यातील आणि मुंबईच्या वांद्र्यासारख्या भागांतील ख्रिस्ती घरांत, केरळात, ईशान्येच्या डोंगराळ राज्यांत जिम रीव्हज घरचाच झाला. १९६३चा 'ट्वेल्व्ह साँग्ज ऑफ ख्रिसमस' हा संग्रह तर नाताळच्या केकइतकाच सणाचा भाग होऊन बसला. टेक्सासचे गुराखी ज्यांनी कधी पाहिले नाहीत, अशा कुटुंबांत त्याची गाणी दोन-तीन पिढ्या टिकली.

३१ जुलै १९६४ रोजी जमिनीच्या एका व्यवहारासाठी गेलेला रीव्हज आर्कान्सामधील बेट्सव्हिलहून नॅशव्हिलला परतत होता. बीचक्राफ्ट डेबोनेअर हे छोटे विमान तो स्वतः चालवत होता. सोबत होता त्याचा पियानोवादक आणि व्यवस्थापक डीन मॅन्युएल. नॅशव्हिलजवळ ब्रेंटवूडच्या परिसरात ते वादळी पावसात सापडले. ढगांत दिशेचे भान हरपले असावे, असा निष्कर्ष पुढे निघाला. शोध घेणाऱ्यांत नॅशव्हिलचे गायक-वादकही होते. दाट झाडीत अवशेष सापडले ते २ ऑगस्टला. एकेचाळीस वर्षे पूर्ण व्हायला रीव्हजला तीन आठवडेही उरले नव्हते. टेक्सासमध्ये कार्थेजजवळ त्याला दफन करण्यात आले.

त्या आठवड्यात 'आय गेस आय'म क्रेझी' हे त्याचे गाणे यादीत वर चढत होते. ते पहिल्या क्रमांकावर पोहोचले तेव्हा गायक हयात नव्हता. रीव्हज स्टुडिओत नेमाने काम करणारा. अप्रकाशित ध्वनिफितींचा मोठा साठा मागे राहिला होता. मेरीने तो एकदम बाजारात ओतला नाही. थोडी थोडी करून, जुन्या मुद्रणांवर नवी वाद्ये चढवून गाणी निघत राहिली. मृत्यूनंतरच्या तीन वर्षांत त्याची सहा गाणी कंट्रीच्या यादीत अग्रस्थानी गेली. मेलेल्या माणसाच्या आवाजाला नवे कपडे चढवावेत का, हा प्रश्न रास्तच. परंतु श्रोत्यांनी तो विचारला नाही.

यातले सर्वांत विलक्षण 'डिस्टंट ड्रम्स'. युद्धावर जाण्याची वेळ येण्याआधी लग्न करू, अशी प्रेयसीला गळ घालणाऱ्या पुरुषाचे हे गाणे रीव्हजने कवयित्री सिंडी वॉकर हिच्यासाठी केवळ नमुना म्हणून गायले होते. त्यावर वाद्यवृंद चढवून ते १९६६मध्ये प्रसिद्ध झाले. व्हिएतनामचे युद्ध पेटलेले होते. बीटल्सच्या ब्रिटनमध्ये, दोन वर्षांपूर्वी वारलेल्या या टेक्सासवासीयाचे गाणे पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. १९६७मध्ये कंट्री संगीताच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये त्याचा समावेश झाला.

मेरी १९९९मध्ये वारली. तत्पूर्वी, १९८१मध्ये, आणखी एक प्रयोग झाला होता. नॅशव्हिल साउंडची दुसरी मोठी गायिका पॅट्सी क्लाइन हीदेखील विमान अपघातातच गेली होती, रीव्हजच्या सोळा महिने आधी. दोघांनी एकत्र द्वंद्वगीत कधी गायले नव्हते. तंत्रज्ञांनी त्यांच्या स्वतंत्र ध्वनिफितींतून दोघांचे आवाज वेगळे काढले, एका पट्टीत आणले आणि 'हॅव यू एव्हर बीन लोनली' हे गाणे जुळवले. ते पहिल्या दहांत गेले.