लक्ष्मणराव किर्लोस्कर
बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे १८६९ साली लक्ष्मणरावांचा जन्म झाला. शालेय अभ्यासात त्यांचे मन रमत नसे. ओढ होती ती चित्रकलेची. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत ते दाखल झाले खरे, परंतु त्यांना काही रंग नीट ओळखता येत नसत! तेव्हा रंग सोडून त्यांनी यंत्रांची रेखाचित्रे काढण्याची विद्या हस्तगत केली आणि व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत तीच शिकविली. फावल्या वेळी तेथील कर्मशाळेत ते यंत्रांची कामे शिकत. या शिकण्याला ना परीक्षा होती, ना प्रमाणपत्र. पुढे बेळगावात लोखंडी नांगर घडविताना तेच उपयोगी पडले. लोखंडाने जमीन विषारी होईल या समजुतीने शेतकरी प्रथम तो घेईनात. १९१० साली कुंडलच्या ओसाड माळावर किर्लोस्करवाडी वसली. तेथे शिकलेले कारागीर कोठून मिळणार? खेड्यांतील माणसांनाच लक्ष्मणरावांनी हाती हत्यार देऊन शिकविले.