लोखंडी नांगर आणि लक्ष्मणराव

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ चा, म्हणजे ऐन मृग नक्षत्रातला. गोंदिया जिल्ह्यात या सुमारास बांध्यांतून नांगर फिरत असतो आणि अलीकडे तो बहुधा लहान ट्रॅक्टरच्या मागे जोडलेला असतो. माती कापून उलथवणाऱ्या ज्या लोखंडी नांगराला आज कोणी नवलाने पाहतही नाही, तो महाराष्ट्राच्या शेतकऱ्याच्या गळी उतरवण्यासाठी एका माणसाला आयुष्याची ऐन उमेदीची वर्षे खर्ची घालावी लागली, याचे स्मरण या निमित्ताने करणे अप्रस्तुत ठरू नये.

बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर हे त्यांचे जन्मगाव. वडील वेदान्ताचे अभ्यासक होते. मुलाचा ओढा मात्र रंग आणि यंत्रे यांकडे. १८८५ च्या सुमारास लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले, परंतु काही रंगांतील भेद आपल्या डोळ्यांना नीट कळत नाही, हे तेथेच उघड झाले. चित्रकार होण्याची वाट बंद झाली. त्यांनी यांत्रिक रेखाचित्रणाची कास धरली आणि पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेत ते शिक्षक झाले. तेथे बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याची निवड झाली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठले. तेथे वडीलबंधू रामूअण्णांसह सायकलींचा व्यवसाय होताच. १८८८ हे साल किर्लोस्कर घराणे आपल्या उद्योगाचा आरंभ मानते.

सायकली विकून पोट भरले असते. पण लक्ष्मणरावांचे लक्ष शेतकऱ्याच्या अवजारांकडे वळले. प्रथम कडबा कापण्याचे यंत्र आले आणि १९०३ मध्ये लोखंडी नांगर. इंग्लंडमधील रॅन्सम कंपनीचे नांगर त्या काळी दख्खनेत येत असत. या कंपनीच्या संस्थापकाने १८०३ मध्ये ओतीव लोखंडाच्या फाळाची खालची बाजू झटकन थंड करून कठीण करण्याची युक्ती शोधली होती. खालची बाजू कठीण आणि वरची मऊ, यामुळे फाळ झिजतानाच आपोआप धारदार राहतो. अमेरिकेत जॉन डीअरने १८३७ मध्ये गुळगुळीत पोलादाचा नांगर केला, कारण तेथील चिकट काळी माती ओतीव लोखंडाला धरून बसे. तात्पर्य, प्रत्येक भूमीने आपला नांगर आपल्या मातीशी झगडूनच मिळवला आहे. आपल्याकडे काळ्या जमिनीत कुंदा आणि हरळी यांची मुळे खोल गेलेली असत. लाकडी नांगर माती चिरतो, उलथवत नाही. त्याने ही तणे निघत नसत.

तरीही दोन वर्षे लक्ष्मणरावांचा नांगर विकला गेला नाही. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी समजूत होती. आम्ही अर्थशास्त्राचे अध्यापक असल्या समजुतींना अज्ञान म्हणून मोकळे होतो. पण जरा शेतकऱ्याच्या जागी उभे राहून पाहावे. लाकडी नांगर गावचा सुतार बलुत्यावर करून देई, मोडला तर संध्याकाळपर्यंत दुरुस्त होई. लोखंडी नांगराला रोख पैसा हवा, फाळ तुटला तर तो आणायचा कोठून हे ठाऊक नाही, आणि बैलांना तो ओढेल की नाही याचीही खात्री नाही. ज्याच्यापाशी एकच हंगाम असतो, त्याने धोका न पत्करणे हे अडाणीपणाचे नव्हे, हिशेबाचे लक्षण आहे. विषाची भाषा ही त्या हिशेबाचीच भाषा असावी, असे मला वाटते. लक्ष्मणरावांनी अखेर वादात न शिरता नांगर चालवून दाखवला आणि सुटे भाग मिळतील याची तजवीज केली.

बेळगावातील कारखान्याची जागा शहराच्या विस्तारासाठी सोडावी लागली, तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीस धावले. लक्ष्मणरावांनी पूर्वी औंधला त्यांच्यासाठी एक सभामंडप बांधून दिला होता, तो स्नेह कामी आला. कुंडल रोड स्थानकानजीक बत्तीस एकर माळ आणि १०,००० रुपयांचे कर्ज मिळाले. मार्च १९१० मध्ये निवडुंगाने आणि नागांनी भरलेल्या त्या माळावर किर्लोस्करवाडी वसू लागली. वाडीच्या रखवालीवर शिक्षा भोगून आलेली माणसे नेमण्याचे धाडसही लक्ष्मणरावांनी केले. वाडीची हकीकत अनेकांनी विस्ताराने लिहिली आहे, म्हणून येथे तिच्यात गुंतत नाही.

पहिल्या महायुद्धात परदेशी लोखंड आणि कोळसा यांची टंचाई झाली. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा वितळवण्यास दिल्या आणि त्यांचे नांगर झाले, असे सांगतात. १९२० मध्ये कंपनी मर्यादित स्वरूपाची झाली. त्याच वर्षी पुतणे शंकरराव यांच्या संपादकत्वाखाली निघालेल्या मासिकाने पुढे मराठी वाचकाच्या घरात स्थान मिळवले. पुढे पंप आले, इंजिने आली. नांगराच्याच वर्षी जन्मलेले चिरंजीव शंतनुराव यांनी अमेरिकेतून यंत्रविद्या शिकून येऊन उद्योगाचा व्याप वाढवला.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. येथे कन्हार, मोरंड, सिहार अशा नावांनी जमिनी ओळखल्या जातात आणि पीक मुख्यतः धानाचे. बांधी लहान, धुरे जवळ जवळ. लहान ट्रॅक्टर येथे सोयीचा आहे यात शंका नाही, आणि शासनाच्या अनुदान योजनांनी तो पुष्कळांच्या दारी आणला. परंतु त्याच्या मागे जोडलेला नांगर कसा जुळवावा हे सांगणारा दारी आला नाही. पहिले तास एका खोलीवर पडते. दुसऱ्या फेरीला ट्रॅक्टरचे उजवे चाक त्या तासात उतरते आणि यंत्र एका बाजूस कलते. उजव्या लिफ्ट रॉडची लांबी बदलून नांगर पुन्हा समतल केला नाही, तर एक बाजू खोल आणि एक उथळ जाते. वरची टॉप लिंक आखूड केली की फाळाचे टोक खाली झुकून नांगर जास्त शिरतो, लांब केली की वर येतो. ती जरुरीपेक्षा आखूड ठेवली, तर नांगर टाचेवर उचलला जाऊन टोकावर चालतो, मागे खडबडीत तळ राहतो आणि डिझेल वाया जाते. बैलांच्या नांगरालाही हे होतेच. ओढ घेणारा आकडा वरखाली व बाजूला सरकवून खोली आणि रुंदी राखावी लागे. लोखंडी नांगरासोबत शेतकऱ्याने ही विद्याही विकत घेतली होती.

यात खर्चाचा प्रश्न आहे. नांगराला लागणारी ओढ ही तासाच्या रुंदीला खोलीने गुणून, तिला मातीच्या प्रतिकाराने गुणल्यावर मिळते. खोली दुप्पट केली की ओढ निदान दुप्पट होते. म्हणजे लहान इंजिनाकडून मोठ्या खोलीची अपेक्षा करणे ही उधळपट्टी होय. आणि धानाच्या बांधीत खोल नांगरणे हितावह असतेच असे नाही. चिखलणीने वर्षानुवर्षे तयार झालेला घट्ट थर फुटला, तर पाणी खाली झिरपून जाते. मामा तलावाच्या भरवशावर असलेल्या शेतकऱ्याला हे परवडणारे नाही. धान निघाल्यावर हरभरा घ्यायचा असेल, तर मात्र त्याच थराने मुळे अडतात. खोली कोणती, याचे उत्तर पिकानुसार आणि जमिनीनुसार बदलते. कन्हारात जे ठीक, ते सिहारात नाही.

गेल्या उन्हाळ्यात परिचयाच्या एका शेतकऱ्याच्या बांधीत असाच टोकावर चालणारा नांगर पाहिला. यंत्र देणाऱ्या दुकानाने एकदा लावून दिला, नंतर कोणी फिरकले नाही. टॉप लिंक थोडी लांब केली, उजवी बाजू उचलली, इतकेच. दोन फेऱ्यांत तास सरळ पडू लागले. ही जुळवणी माझी नव्हे, त्या गावच्या एका वृद्ध मिस्त्रीची.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी निवर्तले. जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, टपाल खात्याने त्यांच्या नावे तिकीट काढले. तोवर किर्लोस्करवाडी पंप बनवणारी वसाहत म्हणून ओळखली जाऊ लागली होती.