ज्यांनी दगडातलं तापमान वाचलं, ते नाझींच्या जहाजावर चढता चढता वाचले

२६ नोव्हेंबर १९४२. ओस्लो बंदराचा धक्का. 'डोनाऊ' नावाच्या जर्मन जहाजात पाचशेहून जास्त ज्यू माणसांना चढवलं जात होतं. त्यातले बहुतेक जण पुढे ऑशविट्झमध्ये मारले गेले.

याच गर्दीत ५४ वर्षांचे एक प्राध्यापक होते. अगदी आयत्या वेळी त्यांना बाजूला काढण्यात आलं. हा माणूस देशाच्या कामाचा आहे, असं त्यांच्या सहकाऱ्यांनी सत्ताधाऱ्यांना पटवून दिलं होतं.

त्यांचं नाव व्हिक्टर गोल्डश्मिट. आज त्यांना आधुनिक भूरसायनशास्त्राचे जनक म्हणतात. पण त्यांची सुरुवात झाली ती याच शहराच्या आसपासच्या भाजलेल्या दगडांपासून.

गोल्डश्मिट यांचा जन्म १८८८ चा, झुरिचचा. वडील रसायनशास्त्रज्ञ. १९०१ मध्ये वडिलांना नॉर्वेत प्राध्यापकी मिळाली आणि कुटुंब क्रिस्तियानियाला आलं. क्रिस्तियानिया म्हणजे आजचं ओस्लो.

या शहराभोवती चिखलापासून बनलेले खडक आणि चुनखडी यांचे जुने थर आहेत. कोट्यवधी वर्षांपूर्वी जमिनीखालून तप्त शिलारस वर आला आणि या थरांमध्ये घुसला. आजूबाजूचे खडक भाजले, पण वितळले नाहीत. घनरूपातच जुनी खनिजं मोडली आणि नवी तयार झाली. अशा खडकांना रूपांतरित खडक म्हणतात.

वीटभट्टी आठवा. आगीला चिकटलेली वीट खंगर होते, कडेची कच्ची राहते. माती तीच, फरक आचेचा. खडकांचंही तसंच. आच वाढत जाते तशी खनिजं ठरावीक क्रमाने बदलतात, हे स्कॉटलंडच्या डोंगरांत जॉर्ज बॅरो यांनी १८९३ मध्येच दाखवलं होतं.

मग गोल्डश्मिटनी वेगळं काय केलं? त्यांनी यामागचा नियम शोधला. १९११ च्या आपल्या प्रबंधात त्यांनी दाखवून दिलं की भाजलेल्या खडकात वाटेल ती खनिजं एकत्र नांदत नाहीत. खडकात जितके रासायनिक घटक, साधारण तितकीच खनिजं तिथे टिकतात. ओस्लोजवळचे हे खडक त्यांनी अवघ्या दहा गटांत बसवले. तेव्हा त्यांचं वय होतं २३.

पुढचं पाऊल १९१२ चं. चुनखडीतलं कॅल्साइट आणि वाळूतलं क्वार्ट्झ एकत्र तापलं की वोलॅस्टोनाइट नावाचं खनिज बनतं आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. आता सोड्याची बाटली डोळ्यांसमोर आणा. झाकण घट्ट असेल तर वायू आतच कोंडून राहतो. जमिनीखालीही दाब जास्त असेल तर वायू सहज सुटत नाही, म्हणून हीच क्रिया व्हायला जास्त उष्णता लागते. कोणत्या दाबाला किती तापमान लागेल, हे गोल्डश्मिटनी गणिताने काढलं. म्हणजे खडकात कॅल्साइट आणि क्वार्ट्झ शेजारी शेजारी शाबूत दिसले, तर तापमान त्या रेषेच्या खाली राहिलं. वोलॅस्टोनाइट दिसलं, तर रेषा ओलांडली गेली.

यात एक गंमत आहे. खडक पुन्हा थंड झाला तरी ही नोंद सहसा पुसली जात नाही. निसटून गेलेला वायू परत येत नाही आणि थंडीत अणूंची हालचालही मंदावते.

फिनलंडच्या पेंटी एस्कोला यांना आपल्याकडच्या ओरियार्वी भागात ओस्लोसारख्याच रासायनिक घडणीचे खडक सापडले, पण त्यांतली खनिजं वेगळी होती. घटक तेच, मग फरक तापमान आणि दाबाचा. यातूनच कोणत्या परिस्थितीत कोणती खनिजं एकत्र येतात याचे गट एस्कोलांनी मांडले. भूगर्भशास्त्राचे विद्यार्थी आजही ते शिकतात.

गोल्डश्मिट १९१४ मध्ये, २६ व्या वर्षी, प्राध्यापक झाले. १९२९ ला जर्मनीतल्या ग्यॉटिंगेनला गेले. नाझी आल्यावर ज्यूंविरोधी वातावरण असह्य झालं आणि १९३५ मध्ये राजीनामा देऊन ते ओस्लोला परतले. पण १९४० मध्ये जर्मन सैन्य तिथेही पोचलं. ऑक्टोबर १९४२ मध्ये अटक, बर्गची छावणी आणि मग तो धक्का.

सुटका झाली तरी धोका टळला नव्हता. डिसेंबरमध्ये त्यांना लपवून स्वीडनला नेण्यात आलं. तिथून ते ब्रिटनला गेले आणि ॲबरडीनच्या माती संशोधन संस्थेत कामाला लागले. तब्येत मात्र पार खचली होती. १९४६ मध्ये ते ओस्लोला परतले आणि २० मार्च १९४७ रोजी, ५९ व्या वर्षी गेले. त्यांचा भूरसायनशास्त्रावरचा ग्रंथ अपुराच राहिला. तो इतरांनी पूर्ण करून १९५४ मध्ये छापला.

ऑलिव्हिन हे हिरवट खनिज प्रचंड उष्णता सहन करतं. त्यापासून भट्ट्यांच्या विटा बनवण्यावर गोल्डश्मिटनी बरीच वर्षं काम केलं होतं. आपल्या अस्थींसाठी त्यांनी कलशही आधीच करून ठेवला होता, तोही याच ऑलिव्हिनच्या दगडाचा.