मुरुडचे अण्णा आणि छोटा मेंदू

दाभोळ म्हटलं की आपल्या इलेक्ट्रिकलवाल्यांना वीज प्रकल्प आठवतो. (तो खरं तर खाडीपलीकडे, अंजनवेलला!) पण त्याच किनाऱ्याने थोडं उत्तरेला गेलं की मुरुड लागतं, महर्षी धोंडो केशव कर्वे म्हणजे अण्णांचं गाव. जन्म १८५८ चा. मुलगा कमालीचा लाजाळू. सतराव्या वर्षी परीक्षेसाठी हा पठ्ठ्या भर पावसात सह्याद्री ओलांडून साताऱ्याला चालत गेला. तिथे त्याची चण बघूनच वय कमी ठरवलं आणि परत पाठवलं!

निसरड्या घाटात तोल सांभाळतो तो छोटा मेंदू, हे आपण शाळेत घोकलंय. पण १९९८ साली श्माहमान आणि शर्मन या डॉक्टरांनी दाखवलं की त्याला इजा झाली की काही पेशंट्सच्या भावनाही बिघडतात. कुणी एकदम थंड पडतो, कुणी भलतंच वागतो. म्हणजे वाकडं पाऊल सरळ करणारा हा फीडबॅक कंट्रोलर रागालोभालाही आवर घालत असावा. अण्णांच्या डोक्यात काय चालायचं ते कोण सांगणार? पण कंट्रोल जबरदस्तच.

१८९१ मध्ये पत्नी राधाबाई गेल्या. १८९३ मध्ये त्यांनी गोदूबाई या विधवेशी लग्न केलं आणि मुरुडने बहिष्कार घातला. स्वतःच्या आईकडे जायची चोरी! अण्णा भांडत बसले नाहीत, मागेही हटले नाहीत. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत राहिले. १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम, १९१६ मध्ये महिला विद्यापीठ, १९५८ मध्ये भारतरत्न. हिंगण्याच्या माळावर आश्रमाची झोपडी उभी राहिली, तेव्हा कॉलेज सुटल्यावर ते चिखल तुडवत रोज तिकडे चालतच जायचे.