उदास झाडाचा वैद्य : गार्सिया द ऑर्ता

पारिजातक आपल्यापैकी कोणालाच परका नाही. पहाटे अंगणात पडलेला केशरी देठांच्या पांढऱ्या फुलांचा सडा आपण पाहिलेला असतो, आणि या झाडावरून सत्यभामा व रुक्मिणी यांच्यात झालेला रुसवाफुगवा आजीच्या तोंडून ऐकलेला असतो. परंतु वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात हेच झाड ‘निक्टँथिस आर्बर-ट्रिस्टिस’ या नावाने भेटते. त्यातील ‘आर्बर-ट्रिस्टिस’ म्हणजे उदास झाड! इतक्या प्रसन्न झाडाला उदास कोणी म्हटले असेल? लिनियसने १७५३ मध्ये हे नाव कायम केले खरे. पण त्याच्या सुमारे दोनशे वर्षे आधी गोव्यातील पोर्तुगीज या झाडाला त्याच अर्थाच्या नावाने ओळखत होते. ती ओळख ग्रंथात नोंदवणारा माणूस म्हणजे गार्सिया द ऑर्ता. मी इतिहासाचा विद्यार्थी. झाडापानांशी माझा संबंध बेताचाच. तरीही या माणसाच्या चरित्राने मला बांधून ठेवले आणि ते आपल्यापुढे मांडावेसे वाटले.

ऑर्ताचा जन्म पोर्तुगालमधील कास्तेलो द विद या गावी सुमारे १५०१ मध्ये झाला. त्याचे आईवडील मूळचे स्पेनमधील ज्यू. १४९२ मध्ये स्पेनने ज्यूंना हद्दपार केले तेव्हा ते पोर्तुगालमध्ये आले. तेथेही १४९७ मध्ये ज्यूंवर सक्तीने ख्रिस्ती धर्म लादण्यात आला. अशा ‘नवख्रिस्ती’ घरात तो वाढला. सालामांका आणि अल्काला येथे वैद्यक शिकून तो परतला आणि लिस्बनच्या विद्यापीठात अध्यापन करू लागला. १५३४ च्या मार्चमध्ये मार्तिम आफोंसो द सोझा या दर्यासारंगाबरोबर त्याने लिस्बन सोडले आणि सप्टेंबरात तो गोव्यास पोचला. त्यानंतर तो मायदेशी कधीच परतला नाही. उरलेली चौतीस वर्षे त्याने आपल्याच भूमीवर काढली.

त्या काळी वैद्याला झाडपाला ओळखता येणे ही चैन नव्हती, ती गरज होती. हिंदुस्थानातील औषधी द्रव्ये युरोपात पोचत ती वाळलेली, कुटलेली आणि अनेक हातांतून गेलेली. मूळ झाड कोणी पाहिलेले नसे. नावावरून तर्क बांधले जात. चिंचेला अरबांनी हिंदी खजूर म्हटले म्हणून चिंच ताडामाडाच्या जातीच्या झाडाला लागते, असे युरोपातील पंडित लिहून मोकळे झाले होते! ऑर्ताने चिंचेचे झाड डोळ्यांनी पाहिले होते. त्याने हा समज खोडून काढला. युरोपात राहिलो असतो तर गेलन आणि इतर ग्रीक आचार्यांविरुद्ध ब्रही काढण्याचे धाडस आपल्याला झाले नसते, असे तो मोकळेपणाने सांगतो. येथे मात्र झाड समोर उभे होते आणि त्याच्यापुढे ग्रंथप्रामाण्य टिकत नव्हते.

गोव्यात त्याचा वैद्यकीचा जम बसला. अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशाह याच्याशी त्याचा स्नेह होता आणि त्याच्या दरबारी त्याचे जाणेयेणे असे. तेथील मुसलमान हकिमांशी तो चर्चा करी, हिंदू वैद्यांकडून माहिती घेई, व्यापाऱ्यांना विचारी. एकाच वनस्पतीला अरबी, फारसी, गुजराती, दख्खनी, कोकणी व मलबारी भाषांत काय म्हणतात हे तो टिपून ठेवी. पोर्तुगीज सरकारने मुंबई बेट त्याला खंडाने दिले होते. तेथील त्याच्या एका आंब्याला वर्षातून दोनदा फळ येई, याचे त्याला मोठे कौतुक वाटे.

या साऱ्याचे फळ म्हणजे १० एप्रिल १५६३ रोजी गोव्यात छापून निघालेला त्याचा ‘कोलोकियुश’, म्हणजे ‘संवाद’, हा पोर्तुगीज ग्रंथ. भारतात छापल्या गेलेल्या अगदी आरंभीच्या पुस्तकांपैकी हे एक. ल्युईश द कामोंइश या पुढे महाकवी ठरलेल्या मित्राची पहिली मुद्रित कविता याच ग्रंथात आली. ग्रंथाची मांडणी मोठी गमतीची आहे. रुआनो नावाचा एक काल्पनिक वैद्य स्पेनहून येतो. तो पुस्तकी विद्वान आहे. तो जुन्या आचार्यांची मते पुढे करतो आणि ऑर्ता त्याला प्रत्यक्ष पाहिलेले सांगतो. मध्येच अंतोनिया ही दासी हाक मारताच झाडाची डहाळी किंवा फळ आणून समोर ठेवते. वादाचा निकाल तेथेच लागतो!

आले, मिरी, दालचिनी यांच्याबरोबर फणस, करंबळ, निर्गुडी, धोतरा अशा आपल्या परसातील वनस्पतीही या ग्रंथात आहेत. धोतऱ्याचे बी अन्नात घालून माणसाला भ्रमिष्ट करून लुबाडण्याची चोरांची रीत तो सांगतो. पारिजातकाच्या देठांनी अन्नाला केशरासारखा रंग आणता येतो हे तो लिहितो. आणि सूर्यावर जीव जडलेल्या, सूर्याने टाकल्यावर प्राण देणाऱ्या एका मुलीच्या राखेतून हे झाड उगवले, म्हणून त्याची फुले सूर्याचे तोंड पाहत नाहीत, ही लोककथाही तो नोंदवतो. आपले भिरंड, म्हणजे कोकम, त्याने वर्णिले आहे. गंमत अशी की कोकमाच्या ‘गार्सिनिया’ या शास्त्रीय नावाचा आपल्या या गार्सियाशी काही संबंध नाही. ते नाव अठराव्या शतकातील लोराँ गार्सँ या दुसऱ्याच वैद्यावरून आले आहे.

१५६७ मध्ये क्लुसियस या विद्वानाने अँटवर्पहून ग्रंथाचा लॅटिन संक्षेप प्रसिद्ध केला आणि ऑर्ताचे ज्ञान युरोपभर पसरले. पुढल्याच वर्षी, १५६८ मध्ये, ऑर्ता गोव्यात वारला.

चरित्र येथे संपायला हवे होते; पण ते संपले नाही. गोव्यात १५६० मध्येच इन्क्विझिशनचे धर्मन्यायालय सुरू झाले होते. ऑर्ताच्या मृत्यूनंतर त्याची बहीण कातारिना हिला पकडण्यात आले. गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपाखाली १५६९ मध्ये तिला जिवंत जाळण्यात आले. ऑर्ताही मनाने ज्यूच राहिला होता असा निवाडा झाला आणि १५८० मध्ये त्याची हाडे उकरून काढून जाळण्यात आली.

मला येथे थांबून विचार करावासा वाटतो. ज्याने प्रत्येक पानाफुलाची खरी ओळख जगाला निर्भयपणे सांगितली, त्याला स्वतःची ओळख मात्र जन्मभर लपवावी लागली. गेलनचे चुकले असे तो छापू शकला. आपण कोण हे मात्र त्याला घराबाहेर उच्चारता आले नाही. झाडांविषयीचे सत्य त्याच्या काळाला मानवले, माणसाविषयीचे मानवले नाही. कदाचित म्हणूनच, बोलायला मोकळीक असलेल्या या एका क्षेत्रात त्याने आपला सारा खरेपणा ओतला असेल.

पणजी शहरातील एक उद्यान ऑर्ताच्या नावाने ओळखले जाते. पण त्याचे खरे स्मारक मला त्याच्या पद्धतीत दिसते. झाडापाशी जावे, ते निरखावे, त्याच्या सहवासात राहणाऱ्या माणसाला नाव विचारावे आणि मग पुस्तक उघडावे, अशी ती पद्धत. आपल्या महाविद्यालयाच्या आवारातील किती झाडांची नावे आपल्याला सांगता येतील? आणि ती झाडे रोज पाणी घालून वाढवणाऱ्या माळीदादांना आपण कधी विचारले आहे काय? ऑर्ताने पहिल्याच दिवशी विचारले असते.