डॉ. भाभा आणि विद्यापीठाबाहेरची वाट

वाशीच्या खाडीपुलावरून मुंबईकडे जाताना डाव्या हाताला तुर्भ्याचा डोंगर दिसतो. त्याच्या पायथ्याशी भाभा अणुसंशोधन केंद्र वसले आहे. गंमत अशी की, खाडीच्या अलीकडेही एक तुर्भे आहे आणि तेथे कांदा, धान्य व मसाल्यांचा घाऊक बाजार भरतो. सरकारी पैशातून झालेले संशोधन सामान्य माणसाच्या पदरात काय टाकते, हा प्रश्न ‘सार्वजनिक आयव्यय’ शिकविताना विद्यार्थी हटकून विचारतात. त्याचे उत्तर या दोन तुर्भ्यांच्या दरम्यान कोठेतरी आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटत आले आहे. त्यासाठी डॉ. होमी भाभा यांच्या आयुष्याकडे वैज्ञानिकाच्या नव्हे, तर अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहिले पाहिजे.

३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईच्या एका सधन पारशी कुटुंबात जन्मलेल्या होमीने अभियंता व्हावे आणि जमशेटपूरच्या पोलाद कारखान्यात लक्ष घालावे, अशी वडिलांची आणि आत्याचे यजमान सर दोराबजी टाटा यांची इच्छा होती. केंब्रिजला त्यांनी यंत्रशास्त्राची परीक्षा १९३० साली पहिल्या वर्गात उत्तीर्ण केली आणि ते ऋण असे फेडल्यावर सैद्धांतिक पदार्थविज्ञानाकडे मोहरा वळविला. विश्वकिरणांवरील कामाने त्यांचे नाव झाले. १९३९ साली ते सुटीसाठी भारतात आले असताना महायुद्ध पेटले. परतणे अशक्य झाले, म्हणून बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत ते रुजू झाले. युद्ध काही काळ लांबले असते, तर हे गृहस्थ बहुधा परदेशीच स्थायिक झाले असते.

अलाहाबाद विद्यापीठाने देऊ केलेले प्राध्यापकपद त्यांनी स्वीकारले नाही. त्याऐवजी १२ मार्च १९४४ रोजी त्यांनी सर दोराबजी टाटा न्यासाकडे पत्र पाठविले आणि मूलभूत संशोधनाच्या स्वतंत्र संस्थेसाठी साहाय्य मागितले. पुढेमागे अणुशक्तीपासून वीज निर्माण होऊ लागेल, तेव्हा तज्ज्ञांसाठी देशाला परक्यांच्या दारी जावे लागू नये, असा त्यांचा युक्तिवाद होता. हिरोशिमाच्या आधी जवळजवळ दीड वर्ष हे लिहिले गेले, हे ध्यानात घ्यावे. जून १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था बंगलोरला सुरू झाली आणि वर्षअखेर पेडर रोडवरील एका बंगल्याच्या काही भागात आली. न्यासाच्या जोडीला मुंबई सरकार उभे राहिले. पुढे खर्चाचा बहुतेक भार केंद्र सरकारने उचलला.

१९४८ साली अणुऊर्जा आयोग स्थापन झाला, १९५४ साली तुर्भ्याचे केंद्र आणि स्वतंत्र खाते निर्माण झाले. १९५६ च्या ऑगस्टमध्ये ‘अप्सरा’ अणुभट्टी कार्यान्वित झाली. हा इतिहास परिचित आहे. त्यामागची आर्थिक व्यवस्था मात्र क्वचितच चर्चिली जाते. या खात्याचे सचिवालय दिल्लीत नव्हे, मुंबईत राहिले. खात्याचा सचिव आणि आयोगाचा अध्यक्ष एकच व्यक्ती होती. १९५८ च्या ठरावाने मंजूर तरतुदीच्या मर्यादेत खर्चाचे अधिकार आयोगाकडे आले आणि अर्थविषयक सदस्य आयोगातच बसू लागला. म्हणजे वैज्ञानिकाने मागणी करावयाची आणि दूरच्या कारकुनाने ती फाइलीत झुलवत ठेवावयाची, हा प्रकार भाभांनी मुळातच टाळला. पंडित नेहरूंचा विश्वास पाठीशी होता, हे खरे. परंतु त्या विश्वासाला कायमस्वरूपी नियमाचे रूप मिळाले, हे अधिक महत्त्वाचे होय.

प्रस्तुत लेखकाने काही वर्षांपूर्वी तुर्भ्याच्या बाजार-आवारातील माथाडी कामगारांच्या मिळकतीची पाहणी हाती घेतली होती. अनुदान मंजूर झाले, पहिला हप्ता आला. दुसरा हप्ता आला तेव्हा पाहणी करणारे विद्यार्थी पदवी घेऊन नोकरीला लागले होते आणि ती रक्कम ३१ मार्चपूर्वी खर्च करणे भाग होते. अखेर त्यातून एक कपाट घेतले. महाविद्यालयीन संशोधनाची ही कथा बहुतेक प्राध्यापक-मित्रांच्या परिचयाची असेल. भाभांनी जे विद्यापीठाबाहेर मिळविले, ते विद्यापीठाच्या आत कधी आलेच नाही.

यावर त्याच काळात मतभेद झाला होता. कलकत्त्याचे मेघनाद साहा यांना अणुसंशोधन विद्यापीठांच्या आश्रयाने वाढावे असे वाटत होते आणि सर्व साधने एका सरकारी केंद्रात गोळा होण्यास त्यांचा विरोध होता. हा वाद भाभांनी जिंकला. तथापि, या यशाची किंमत त्यांना ठाऊक नव्हती असे नाही. जानेवारी १९६६ च्या पहिल्या पंधरवड्यात मुंबईत जमलेल्या देशोदेशींच्या शास्त्रज्ञांपुढे बोलताना त्यांनी राष्ट्रीय प्रयोगशाळांनी विद्यापीठांतील माणसे ओढून घेतल्याचा व त्यामुळे विद्यापीठे दुबळी झाल्याचा उल्लेख केला. आपल्या संस्थांनी आपली माणसे स्वतः घडविली, असा त्यांचा दावा होता. तो बराचसा खरा आहे. १९५७ साली तुर्भ्याला प्रशिक्षण शाळा निघाली. पण त्या शाळेत येणारे तरुण कोठून येत? रुपारेल महाविद्यालयात आणि व्हीजेटीआयमध्ये शिकलेले डॉ. अनिल काकोडकर याच शाळेतून पुढे आले. पाया विद्यापीठाने घातला, वरचा मजला अणुखात्याने चढविला आणि निधी वरच्याच मजल्याला मिळत राहिला. २४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लाँ शिखरावरील विमान अपघातात भाभा गेले. आपल्या मांडणीत त्यांनी पुढे काही बदल केला असता काय, हा प्रश्न तेथेच राहिला.

आता आर्थिक फलिताकडे वळू. इलेक्ट्रॉनिक उपकरणे देशात बनविण्याचे तुर्भ्याचे कौशल्य १९६७ साली हैदराबादच्या सरकारी कंपनीत उतरले. वाशीला २००० सालापासून मसाल्यांवर विकिरण-प्रक्रिया करणारे केंद्र चालते. परंतु सर्वांत बोलके उदाहरण उडदाचे आहे. १९८५ साली प्रसारित झालेले ‘टीएयू-१’ हे वाण महाराष्ट्रातील शेतकऱ्यांनी मोठ्या क्षेत्रावर पेरले. त्यातील पहिले अक्षर ट्रॉम्बेचे, दुसरे अकोल्याचे, तिसरे उडदाचे. उत्परिवर्तनाचे तंत्र अणुकेंद्राने पुरविले. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने साथ दिली. ‘टीएजी-२४’ हा भुईमूगही याच जोडीचा. अशा बियाण्याचा लाभ लाखो बांधांवर विखुरतो. त्याची संपूर्ण किंमत कोणत्याही एका व्यापाऱ्याला वसूल करता येत नाही, म्हणूनच असे संशोधन खासगी भांडवल आपण होऊन हाती घेत नाही आणि सरकारला पुढे यावे लागते. प्रयोगशाळा आणि विद्यापीठ यांनी हात मिळविला तेथे गुंतवणूक अशी फळाला आली, याची नोंद आपल्या धोरणकर्त्यांनी पुरेशी घेतलेली नाही.

माटुंग्याच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागाचेही स्मरण येथे व्हावे. १९३३ साली मुंबई विद्यापीठातच तो सुरू झाला आणि त्याच्या पदवीधरांनी देशाच्या रसायन उद्योगाला तंत्रज्ञ व कारखानदार पुरविले. विद्यापीठात असे घडू शकत नाही, हे म्हणणे निराधार आहे.

२०२०-२१ साली भारताचा संशोधनावरील खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्के होता आणि त्यात उच्च शिक्षणसंस्थांचा वाटा जेमतेम ९ टक्क्यांच्या आसपास. २००७ साली मुंबई विद्यापीठ व अणुऊर्जा विभाग यांनी कालिन्याला मूलभूत विज्ञानाचे संयुक्त केंद्र काढले, ही उशिरा का होईना, साहा यांच्या बाजूने पडलेली एक पावती म्हणता येईल. २०२३ च्या कायद्याने राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान अस्तित्वात आले. पाच वर्षांत ५० हजार कोटी रुपये उभे करण्याचा संकल्प असून त्यातील मोठा हिस्सा सरकारबाहेरून यावयाचा आहे. उद्योगपती तो देतील की नाही, याविषयी शंका घेण्यास जागा आहे. मात्र रक्कम कितीही जमो, ती राज्य विद्यापीठांकडे कोणत्या अटींवर येणार, हे आधी विचारले पाहिजे. वर्षअखेर न संपलेला निधी पुढील वर्षी वापरता यावा, उपकरण खरेदीचा निर्णय विभागातच व्हावा, हप्ते ठरल्या दिवशी मिळावेत, एवढे तरी ठरावात लिहून घ्यावे. १९५८ साली एका खात्याला ते लिहून मिळाले होते.