आधी सोसायटी, मग कारखाना : पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील

नारळी पौर्णिमा झाली की आपल्याला गणपतीचे वेध लागतात आणि मोदकांच्या सारणासाठी घरोघरी गूळ येतो. याच नारळी पौर्णिमेला, १८९७ साली, नगर जिल्ह्यातील लोणी बुद्रुक या खेड्यात विठ्ठलराव विखे पाटील यांचा जन्म झाला. महाराष्ट्रात हा दिवस आता शेतकरी दिन म्हणून पाळतात. त्यांच्या कार्याची सुरुवात समजून घ्यायची, तर गुळापासूनच सुरुवात करावी लागते.

विठ्ठलरावांचे शिक्षण जेमतेम चौथीपर्यंत झाले. नगर हा मूळचा दुष्काळी जिल्हा. १८७५ साली पुणे आणि नगर भागातील शेतकरी सावकारांविरुद्ध उठले होते, ते कर्जाचे ओझे पुढच्या पिढीच्या खांद्यावरही होतेच. पुढे प्रवरेचे कालवे आले, १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पूर्ण झाले आणि उसाचे मळे वाढले. पण ऊस हे खर्चिक पीक. बेणे, खत, पाणीपट्टी यांसाठी पुन्हा सावकाराचीच पायरी चढावी लागे. गुऱ्हाळात रात्रंदिवस राबून गुळाच्या ढेपा करायच्या आणि भाव मात्र अडत्याने सांगायचा. जागतिक मंदीत शेतमालाचे भाव कोसळले, तेव्हा बागाईतदारही कर्जात रुतले.

विठ्ठलरावांनी पहिले पाऊल टाकले ते याआधीच. १९२३ साली त्यांनी लोणीत सहकारी पतसंस्था काढली. गावकऱ्यांनी आपला पैसा एकत्र करायचा, गरजूला रास्त व्याजाने द्यायचा आणि वेळेवर परत घ्यायचा, एवढाच तिचा व्यवहार. आपल्या बडोदेकरांना ही कल्पना नवी नव्हती. विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांनी १८८९ सालीच येथे अन्योन्य सहाय्यकारी मंडळी सुरू केली होती. पण ते शहर होते. कर्जात बुडालेल्या खेड्यात एकमेकांवर विश्वास ठेवायला शिकवणे, ही वेगळीच कसोटी होती.

त्या भागात खासगी साखर कारखानेही निघाले होते. ऊस या मातीतला, नफा मात्र मालकांचा. कारखानाच ऊस पिकवणाऱ्याचा असला तर? हा प्रश्न घेऊन विठ्ठलराव गावोगाव फिरले. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ १९४५ साली बागाईतदारांच्या परिषदेचे अध्यक्ष झाले आणि या विचाराला अभ्यासकाचे बळ मिळाले. मुंबई प्रांताचे अर्थमंत्री वैकुंठभाई मेहता यांनीही पाठिंबा दिला. शेतकऱ्यांनी पदरमोड करून भागभांडवल उभे केले आणि १९५०-५१ च्या हंगामात कारखान्याची चिमणी पेटली. त्या जागेला पुढे प्रवरानगर हे नाव पडले.

हा आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना असे अनेकदा लिहिले जाते. आंध्रात एटिकोप्पाका येथे त्याआधी असा प्रयत्न झाला होता. पण महाराष्ट्रातला तो पहिला आणि त्याच्यामागून गावोगाव कारखाने निघाले, हे निर्विवाद. विठ्ठलरावांचा मोठेपणा मला आणखी एका गोष्टीत दिसतो. कष्ट त्यांचे, माणसे त्यांनी जोडलेली. तरी अध्यक्षपद त्यांनी गाडगीळांना दिले आणि स्वतः उपाध्यक्ष राहिले. ज्याला जे कळते ते त्याच्याकडून शिकावे, यात त्यांना कमीपणा वाटला नाही. कारखान्याबरोबर परिसराचे रूप पालटले. १९६१ साली पंडित नेहरू प्रवरानगरला आले, त्याच वर्षी विठ्ठलरावांना पद्मश्री मिळाली. चौथी शिकलेल्या या माणसाने १९६४ साली खेड्यातल्या मुलांसाठी प्रवरा पब्लिक स्कूल सुरू केले. १९८० साली ते गेले.

पुढे सहकारात राजकारण शिरले, काही कारखाने कर्जात बुडाले, उसाने पाणी फार खाल्ले, हेही खरेच. ते झाकून त्यांचा गौरव करण्यात अर्थ नाही.

मी राज्य सरकारच्या नोकरीत आहे. कामानिमित्त खेड्यांत जातो, तेव्हा शेतकऱ्यांचे गट भेटतात. २०२० पासून केंद्र सरकारने दहा हजार शेतकरी उत्पादक संघटना उभारण्याची योजना हाती घेतली. डाळ, हळद, लोणची, मसाले असे कितीतरी माल गावातच तयार करून विकता येतात. पण मी एका ठिकाणी नवे कोरे यंत्र ताडपत्रीखाली पडलेले पाहिले. अनुदान आले, यंत्र आले, प्रशिक्षणाचे प्रमाणपत्रही भिंतीवर लागले. पण सभासद माल मात्र पूर्वीच्याच व्यापाऱ्याकडे नेत होते. कारण हिशेब कोण ठेवणार, यावर कोणाचा कोणावर भरवसा नव्हता.

तेव्हा मला लोणी आठवते. १९२३ ची पतसंस्था आणि १९५० ची चिमणी यांत सत्तावीस वर्षे गेली. ती वर्षे वाया गेली नाहीत. त्या काळात लोक वर्गणी भरायला, हिशेब विचारायला आणि एकमेकांचे देणे फेडायला शिकले. यंत्र विकत मिळते, हे शिक्षण मिळत नाही. गणेशोत्सवाची वर्गणी गोळा करून पै न् पैचा हिशेब फलकावर लावणाऱ्या आपल्या मंडळांना हे वेगळे सांगायला नको.